रात्री बेडपॅन धुतले, पुढं कॅन्सरचं औषध दिलं, डॉ. सुब्बाराव यांची गोष्ट

हत्तीपायाच्या मोहिमेत गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याकडं आशाताई समोर उभं राहून गोळ्या गिळायला लावतात. त्यातली एक डीईसी. गरोदर बाईला लोहाच्या गोळीत फॉलिक अ‍ॅसिड मिळतं. आणि ब्लड कॅन्सरच्या लेकरांना मेथोट्रेक्सेट देतात. ही तिन्ही औषधं एकाच माणसाच्या कामातून पुढं आली, डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. नाव मात्र आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय?

जन्म 12 जानेवारी 1895, आंध्रातलं भीमावरम. घरची ओढाताण, वडील लवकर गेले. पोरगं काही फार हुशार म्हणून गाजलेलं नव्हतं, मॅट्रिक तिसऱ्या खेपेला सुटली. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात असताना गांधीजींच्या हाकेनं खादी धरली. शस्त्रक्रियेच्या इंग्रज प्रोफेसरला ती खपली नाही. पदवी हातात पडली ती एमबीबीएसऐवजी खालच्या दर्जाची एलएमएस. सरकारी नोकरी मिळाली नाही, मग मद्रासच्याच आयुर्वेद कॉलेजात शिकवायला लागले.

दरम्यान घरावर घाला पडला. दोन भाऊ काही दिवसांच्या अंतरानं गेले. आजार स्प्रू, म्हणजे जुलाब थांबत नाहीत, खाल्लेलं अंगी लागत नाही, रक्त आटत जातं. तेव्हा त्यावर औषधच नव्हतं.

सासऱ्यांच्या मदतीनं 1922 मध्ये ते अमेरिकेला बोस्टनला निघाले. बायको शेषगिरी मागं राहिल्या. डॉक्टर असूनही तिथं प्रॅक्टिसची परवानगी नाही, म्हणून हॉस्पिटलात रात्रपाळीचा पोऱ्या झाले. रुग्णांचे बेडपॅन, लघवीची भांडी धुवायची आणि दिवसा हार्वर्डमध्ये शिकायचं. पुढं प्रा. फिस्के यांच्यासोबत रक्तातलं फॉस्फरस मोजायची पद्धत काढली, ती आजही त्या दोघांच्याच नावानं शिकवतात. स्नायूंना ताकद कुठून मिळते याचाही शोध याच जोडीनं लावला. एवढं करूनही हार्वर्डनं त्यांना कायम केलं नाही. 1940 मध्ये ते लेडर्ले या औषध कंपनीत गेले.

तिथं त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी फॉलिक अ‍ॅसिड कारखान्यात तयार करून दाखवलं. ज्या स्प्रूनं भाऊ नेले, त्यावर हेच औषध लागू पडलं. भावांना जाऊन तोवर वीस वर्षांहून जास्त काळ उलटला होता.

आता कॅन्सरकडं. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरवर काम करत होते. फॉलिक अ‍ॅसिडच्या जातीची औषधं दिल्यावर काही मुलांचा आजार उलट जोरात वाढतोय असं त्यांना दिसलं. म्हणजे कॅन्सरच्या पेशीला वाढायला हे जीवनसत्त्व लागतंय. मग तेच तोडलं तर? सुब्बाराव यांच्या टीमनं फॉलिक अ‍ॅसिडसारखं दिसणारं पण काम न करणारं रसायन बनवलं. बोगस बियाणं पेरल्यासारखंच म्हणा, पेशी ते खरं समजून घेते आणि तिची वाढ अडते. 1947 च्या अखेरीस अमिनोप्टेरिन हे औषध मुलांना दिलं गेलं. जून 1948 मध्ये फार्बरनी 16 मुलांची माहिती छापली, त्यातल्या 10 जणांना बरं वाटलं होतं. हा फरक काही काळच टिकला, पण तोवर या आजारात तेवढंही कुणी पाहिलं नव्हतं. मेथोट्रेक्सेट याच औषधाचं भावंडं.

हाच विचार धरून आज कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी केमोसोबत देऊन बघतायत, कारण पेशीला वाढायला कोलेस्टेरॉलही लागतं. ब्रिटनमध्ये फुप्फुसाच्या एका कॅन्सरच्या 846 रुग्णांवर हे करून पाहिलं, आयुष्य काही वाढलं नाही. दुसऱ्या कॅन्सरांवर संशोधन चालू आहे. तेव्हा कॅन्सरसाठी म्हणून ही गोळी कुणी मेडिकलमधून आपल्या मनानं आणू नये. हृदयासाठी आधीपासून चालू असेल तर मनानं बंदही करू नये, केमोच्या डॉक्टरांना तसं सांगावं.

सुब्बाराव यांना पुढचं काही बघायला मिळालं नाही. फार्बरचा लेख छापून दोन महिने होतात न होतात तोच, ऑगस्ट 1948 मध्ये, ते झोपेतच हृदयविकारानं गेले. वय 53. नोबेल नाही, मोठा सन्मान नाही, पुढं पुढं करायचा स्वभावही नव्हता. आपल्या पोस्टखात्यानं तिकीट काढलं ते 1995 मध्ये. परदेशी गेल्यापासून ते एकदाही घरी आले नव्हते. मागं मुलगा जन्मला होता, तोही तान्हेपणीच गेला. शेषगिरीबाईंना नवरा पुन्हा दिसला नाही.