महादेव गोविंद रानडे : तंट्यांचा निवाडा आणि तडजोड

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) समाजसुधारक व अर्थचिंतक म्हणून अभ्यासकांना परिचित असतात. त्यांच्या सरकारी सेवेतील मोठा काळ ऋणको आणि सावकार यांच्यातील तंटे समजून घेण्यात गेला, ही गोष्ट मात्र चरित्रलेखनात ओझरती येते.

निफाड येथे जन्मलेले रानडे १८७१ मध्ये पुण्यात दुय्यम न्यायाधीश झाले. १८७५ मध्ये सुपे येथून सावकारांविरुद्धचे दंगे पसरले. शेतकऱ्यांनी कर्जरोखे हिसकावून जाळले. त्यातूनच १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे जिल्हे, म्हणजे मावळातील गावेही, त्याच्या कक्षेत आली. वाचता न येणारा कुणबी रोख्यावर नांगराची निशाणी करी, आणि तो कागद त्याच्याविरुद्ध निर्णायक पुरावा ठरे. नव्या कायद्याने न्यायाधीशाला रोख्यामागे जाऊन व्यवहाराचा मुळापासून हिशेब पाहण्याचा अधिकार दिला. शिवाय दाव्यापूर्वी पक्षकारांनी तडजोडीसाठी नेमलेल्या गृहस्थापुढे जाणे आवश्यक केले. १८८१ पासून रानडे या कायद्याच्या अंमलबजावणीत होते. १८८७ मध्ये ते विशेष न्यायाधीश झाले. तालुक्यातालुक्यांत फिरून कनिष्ठ न्यायालयांचे निकाल तपासणे हे त्यांचे काम. त्यांच्या अर्थविचाराची मुळे ग्रंथांइतकीच या फिरतीत आहेत, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

कर्जबाजारीपणाचे एक कारण त्यांना शेतीवरील एकांगी भारात दिसले. म्हणूनच ते सरकारी खरेदीच्या प्रश्नाकडे वळले. बोरघाटातील रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली, तरी लोखंडी सामान विलायतेहूनच येत राहिले. लोखंडाचा मोठा ग्राहक असलेल्या सरकारने आपल्या मागणीचा आधार देशी कारखान्यांना द्यावा, असे त्यांनी लोहउद्योगावरील निबंधात मांडले.

तंटा एकदा त्यांच्याच दारी आला. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहापानावरून ग्रामण्य उभे राहिले. उपस्थितांवर बहिष्काराचे संकट आले. टिळकही त्यात होते. १८९२ च्या उन्हाळी सुट्टीत रानडे कुटुंबासह लोणावळ्यास असताना, अडचणीत सापडलेल्या स्नेह्यांसाठी त्यांनी प्रायश्चित्त घेण्याचे मान्य केले आणि पुण्यास जाऊन ते घेतले. स्वतः त्यांना त्याची गरज वाटत नव्हती. रमाबाईंना हे रुचले नाही. त्यांच्या आठवणींत ती खंत स्पष्ट आहे. सुधारकांनीही टीका केली.

'तडजोड' हा शब्द मराठीत कौतुकाने वापरला जातो, तसाच हेटाळणीनेही. रानड्यांच्या या कृतीला दोन्ही अर्थ चिकटले. कर्जाच्या तंट्यात दुर्बल पक्षाला संरक्षण देणारा कायदा पाठीशी होता. ग्रामण्यात तसे काहीच नव्हते. तेथे समेटाची किंमत सुधारणेच्या चळवळीला मोजावी लागली. केवळ भित्रेपणा म्हणून ही कृती निकालात काढणे अन्यायाचे होईल, पण तिचे संपूर्ण समर्थनही करता येत नाही. रानड्यांनी मित्रांची अडचण तत्त्वाच्या आधी ठेवली, आणि टीकेला उत्तर देत बसण्याऐवजी ते आपल्या कामाला लागले. पुढच्याच वर्षी, काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनानंतर, त्यांची मुंबई उच्च न्यायालयावर नेमणूक झाली.