शिक्षणासाठी घराबाहेर : पं. माधवराव सप्रे

बारावीचा निकाल लागला की आपल्या सभासदांच्या घरोघरी एकच चर्चा सुरू होते. मुलाला पुण्याला पाठवायचे की बंगळूरला? खर्च किती, जेवणाचे काय, आणि तो परत येईल का? पूर्वी अशा मुलांना निरोप द्यायला माणसे आपल्या पंडरीच्या बस स्टॅण्डवर जमत. २०२१ मध्ये तो स्टॅण्ड भाठागावला हलला. निरोप द्यायचा थांबलेला नाही. अशा वेळी याच रायपुरातून बाहेर पडलेल्या एका मराठी विद्यार्थ्याचे चरित्र आठवते. सप्रे शाळा म्हटली की रिक्षावाला बरोबर बूढा तालाबापाशी आणून सोडतो, पण ते सप्रे कोण, हे आपल्या मुलांना सांगावे लागते.

माधवरावांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया गावी झाला. वडील कोडोपंत लवकर गेले. थोरले बंधू बाबूराव यांनी घर सांभाळले व धाकट्याच्या शिक्षणाचा भार उचलला. प्राथमिक व मिडलचे शिक्षण बिलासपूरला झाले. पुढे हायस्कूलसाठी रायपूरला यावे लागले. आज हे अंतर लोकलने दोन-अडीच तासांचे. त्या काळी बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग पुरा व्हायचा होता. नागपूर-आसनसोल रूळ जोडले गेले ते १८९१ मध्ये. तेव्हा सुमारे ११० किलोमीटरची ती वाट शाळकरी मुलाला किती लांब वाटली असेल याची कल्पना करावी.

घरची भाषा मराठी, शाळेची हिंदी. रायपूरच्या शाळेत नंदलाल दुबे हे शिक्षक लाभले आणि हिंदीची गोडी लागली. मॅट्रिक झाल्यावर खरा प्रश्न आला. रायपुरात कॉलेजच नव्हते. म्हणून जबलपूरचे रॉबर्टसन कॉलेज. तेथे शिक्षण मध्येच सुटले. मग काही दिवस त्यांनी बांधकामाची ठेकेदारी करून पाहिली व तोटा पदरात पडला. (मोजमाप-वह्या आणि बिले यांत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना यात नवल वाटणार नाही. तो धंदा असल्या माणसाचा नव्हेच!) पुढे पुन्हा पुस्तके काढली, ग्वाल्हेर गाठले, तेथून नागपूरचे हिस्लॉप कॉलेज. नागपूर विद्यापीठ १९२३ चे, तेव्हा पदवी मिळाली ती कलकत्ता विद्यापीठाची. शतक संपत आले होते. मॅट्रिकपासून बी. ए. पर्यंत जवळजवळ दशक गेले. आज एका विषयात राहिलेल्या मुलाच्या घरी सुतक पाळल्यासारखे वातावरण असते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

त्या काळचा बी. ए. म्हणजे सरकारी नोकरी हात जोडून उभी. सप्रे यांनी ती घेतली नाही. पेंड्रा येथे राजकुमाराचे शिक्षक म्हणून राहिले आणि जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ मासिक सुरू केले. ज्यांच्या नावाने आपले लाखेनगर आहे ते वामन बळीराम लाखे व रामराव चिंचोलकर हे त्यांचे सोबती. अर्थात तिघेही मराठी आणि मासिक हिंदी! तीन वर्षांत ते बंद पडले, परंतु १९०१ मध्ये त्यात आलेली सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ हिंदीतील पहिली कथा म्हणून अनेकजण मानतात.

१९०७ मध्ये त्यांनी नागपुरातून ‘हिंदी केसरी’ काढला. पुढल्याच वर्षी राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. येथे बाबूराव पुन्हा समोर आले. ज्या भावाने शिकवले त्याने माफीपत्रावर सही करण्याचा आग्रह धरला, नाही तर जीव देईन म्हणून बजावले. सप्रे यांनी सही केली व सुटले. कोणी त्यांना दुबळे म्हणो, माझ्या मते ही सही तुरुंगापेक्षा जड गेली. सुमारे वर्षभर त्यांनी रामदासी वृत्तीने मधुकरी मागून प्रायश्चित्त घेतले. भावाविषयी कटुता ठेवली नाही.

त्यातूनच ‘दासबोधा’चा हिंदी अनुवाद झाला. लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये आले आणि १९१६ मध्ये सप्रे यांच्या हातून हिंदीत उतरले. शिकण्यासाठी चार गावे फिरलेला हा माणूस रायपूरला येऊन राहिला. १९१२ मध्ये त्यांनी येथे जानकीदेवी कन्या पाठशाळा काढली. मुली त्या वयात परगावी शिकायला जाणे तर दूरच, गावातही त्यांच्यासाठी सोय नव्हती. १९२४ मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले.

२३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच त्यांचे निधन झाले. छत्तीसगढ कॉलेज त्यानंतर बारा वर्षांनी, १९३८ मध्ये उघडले. तोपर्यंत रायपूरच्या मुलांना मॅट्रिकनंतर ट्रंक भरावीच लागत होती.