बीथोवनचा वाढदिवस नेमका कोणता?



आपल्यापैकी काही कुटुंबांत संगणकावर घराण्याचा वंशवृक्ष मांडण्याचे काम सुरू आहे. आजोबा-पणजोबांचे बाप्तिस्म्याचे उतारे मिळवून ते सॉफ्टवेअरमध्ये भरताना एक अडचण हटकून येते. संगणक जन्मतारीख मागतो आणि जुन्या नोंदीत पुष्कळदा फक्त बाप्तिस्म्याची तारीख असते. मग बरेच जण तीच तारीख जन्माच्या रकान्यात लिहून मोकळे होतात. थोर संगीतकार लुडविग व्हॅन बीथोवन यांच्या बाबतीत हीच अडचण आहे, आणि गंमत म्हणजे ती त्यांना स्वतःलाही आयुष्यभर सुटली नाही.

जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी बॉन नावाचे शहर आहे. तेथील संत रेमिजियस चर्चमध्ये १७ डिसेंबर १७७० रोजी लुडविगचा बाप्तिस्मा झाला. नोंद लॅटिन भाषेत आहे. तिच्यात आईवडिलांची नावे आहेत. धर्मपिता म्हणून आजोबांचे नाव आहे. त्यांचेही नाव लुडविगच, आणि ते बॉनच्या राजदरबारातील संगीतप्रमुख होते. धर्ममाता शेजारच्या घरातील होती. जन्माची तारीख मात्र त्या नोंदीत नाही. ते जुने चर्च १८०० साली वीज पडून जळाले. ज्या पाषाणी कुंडावर बाळाचा बाप्तिस्मा झाला ते कुंड आजही बॉनमधील सध्याच्या संत रेमिजियस चर्चमध्ये पाहायला मिळते.

त्या काळी तान्ही मुले फार दगावत. त्यामुळे बाळ जन्मले की दुसऱ्याच दिवशी त्याला चर्चमध्ये नेण्याची तिकडे रीत होती. त्यावरून अभ्यासक जन्मतारीख १६ डिसेंबर मानतात. याला आणखी एक आधार आहे. व्हिएन्नातील त्यांचे गुरू आल्ब्रेख्ट्सबेर्गर यांनी १५ डिसेंबर १७९६ रोजी पत्र पाठवून उद्याच्या दिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. पत्रात त्यांनी नामसण असा शब्द वापरला आहे, पण संत लुई यांचा सण तर २५ ऑगस्टला येतो. तेव्हा गुरुजींच्या मनात वाढदिवसच असणार. तरीही हा अंदाजच. पुस्तकांत १६ डिसेंबर छापलेले दिसले तरी ते नोंदवहीतून आलेले नाही.

घरची परिस्थिती ओढगस्तीची होती. वडील योहान दरबारात गायक होते, पण दारूच्या आहारी गेले. सात भावंडांपैकी तिघेच मुलगे वाढले, त्यांत लुडविग थोरला. २६ मार्च १७७८ रोजी वडिलांनी कलोन शहरात त्याचा कार्यक्रम केला. जाहिरातीत मुलाचे वय सहा वर्षे दिले होते. खरे वय सात पूर्ण होते. वडिलांनी मुद्दाम वय चोरले असे सर्रास लिहिले जाते. पण सहा आणि सात यांत गफलत व्हायला लबाडीच हवी असे नाही. पुढे १७८३ साली त्याचे शिक्षक नेफे यांनीही एका मासिकात त्याचे वय अकरा लिहिले. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. मुलाच्या डोक्यात हे कमी केलेले वय पक्के बसले.

१७८७ साली आई क्षयाने गेली. सोळा वर्षांच्या लुडविगवर धाकट्या भावांचा भार पडला. १७९२ च्या अखेरीस तो व्हिएन्नाला गेला आणि त्याच डिसेंबरात वडीलही वारले. पुढची कीर्ती आपण जाणतोच. ऐन तिशीच्या आधीच ऐकू येणे कमी होऊ लागले, तरी लेखणी थांबली नाही.

१८१० सालच्या मे महिन्यात बीथोवन यांना बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता. ते तेव्हा लग्नाच्या विचारात होते असे चरित्रकार मानतात. त्यांनी बालमित्र डॉक्टर वेगेलर यांना पत्र लिहिले आणि दाखला काढून देण्याची विनंती केली. आपले वय किती हेच आपल्याला ठाऊक नाही, घराण्याची वही होती ती कुठे हरवली कळत नाही, असे त्यांनी कळवले. त्यासोबत एक सावधगिरीची सूचना दिली. आपल्याआधी एक भाऊ जन्मला होता, त्याचेही नाव लुडविग होते आणि तो वारला. त्याची नोंद माझी म्हणून घेऊ नका. ही सूचना अगदी रास्त होती. थोरल्या लुडविग मारियाचा बाप्तिस्मा २ एप्रिल १७६९ रोजी झाला होता आणि तो जेमतेम सहा दिवस जगला. गेलेल्या बाळाचे नाव पुढच्या बाळाला देण्याची तेव्हा चाल होती.

जूनमध्ये दाखला निघाला. तारीख बरोबर होती, १७ डिसेंबर १७७०. पण बीथोवन यांना ती पटेना. त्यांनी दाखल्याच्या मागे १७७२ असे साल लिहिले आणि हा दाखला चुकीचा दिसतो, कारण आपल्याआधी एक लुडविग होता, अशा अर्थाची टीप लिहिली. म्हणजे स्वतः दिलेल्या इशाऱ्यातच ते अडकले. थोरल्याची नोंद शोधून शेजारी ठेवली असती तर एप्रिल १७६९ आणि डिसेंबर १७७० ही दोन वेगळी बाळे आहेत हे तत्काळ दिसले असते. ते लग्न काही झाले नाही. बीथोवन अविवाहितच राहिले.

आपल्या वंशवृक्षात नेमका हाच धोका असतो. एकच नाव आणि एकच आईवडील दिसले की काही सॉफ्टवेअर त्या दोन नोंदी जोडून टाकू का असे विचारते. घाईने होकार दिला की तान्हेपणी गेलेले बाळ वंशवृक्षातून नाहीसे होते आणि मागे राहिलेल्याच्या वयात वर्ष-दोन वर्षांची भर पडते.

तारखेसाठी सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे. बाप्तिस्म्याला वेगळा रकाना असतो. त्यात नोंदवहीतील तारीख जशीच्या तशी लिहावी. जन्माच्या रकान्यात 'सुमारे', 'अंदाजे', 'पूर्वी' किंवा 'अमुक ते तमुक दरम्यान' असे लिहिता येते. गेडकॉम नावाच्या सर्वमान्य पद्धतीत या शब्दांसाठी ठरलेली संक्षिप्त रूपे आहेत, त्यामुळे माहिती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेली तरी अंदाज हा अंदाजच राहतो.

अंतर किती धरायचे हे मात्र ठिकाण पाहून ठरवावे. बॉनचा एक दिवस आपल्याकडे चालेलच असे नाही. त्याच नोंदवहीत ज्या बाळांच्या दोन्ही तारखा आहेत, त्यांचे अंतर पाहावे. मोठेपणी बाप्तिस्मा घेतलेल्यांना हा हिशेब लागूच नाही. पहिले बाळंतपण माहेरी झाले असेल तर नोंद आईच्या धर्मग्रामात सापडू शकते. शाळेच्या दाखल्यावर १ जून ही तारीख दिसली तर तिच्यावर फार विसंबू नये. गुरुजींनी किती मुलांना ती तारीख बहाल केली ते आपण जाणतो. १९८३ च्या धर्मसंहितेतील ८७७ व्या कलमानुसार बाप्तिस्म्याच्या नोंदीत जन्माची तारीख आणि ठिकाणही लिहावे लागते, म्हणून आजच्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न उरलेला नाही.

उतारवयात बीथोवन यांनी 'मिस्सा सोलेम्निस' ही भव्य मिस्सा रचली. त्यांचे शिष्य रुडोल्फ यांच्या १८२० सालच्या आर्चबिशपपदाच्या दीक्षेसाठी ती होती, पण ती पुरी व्हायला आणखी जवळजवळ तीन वर्षे लागली. १८२७ च्या मार्चमध्ये अखेरचे संस्कार स्वीकारून त्यांनी २६ तारखेला संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास देह ठेवला. त्यांच्या वंशवृक्षात मृत्यूच्या रकान्यात तारीख आणि वेळ दोन्ही लिहिता येतात. जन्माच्या रकान्यात 'अंदाजे १६ डिसेंबर १७७०' असेच लिहावे लागते.