एल्व्हेडनचा शिकारी महाराजा

इंग्लंडात फेझंटची शिकार एक फेब्रुवारीला संपते. ही तारीख १८३१ च्या कायद्याने बांधून दिली आणि ती आजही पाळली जाते. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला सुरू झालेला हंगाम जानेवारीच्या अखेरीस उतरणीला लागतो. तोवर रानातले पक्षी विरळ झालेले असतात, आणि जे उरतात ते चांगलेच शहाणे झालेले असतात. पिसारा पूर्ण भरलेला, पंखांत जोर आलेला, आणि माणसाची चाहूल लागताच उडण्याऐवजी झुडपांतून पळत सुटण्याची अक्कल आलेली. पुष्कळ ठिकाणी या शेवटच्या दिवसांत फक्त नरांवर बंदूक चालवतात. माद्या पुढच्या विणीसाठी सोडून देतात. झाडे उघडी पडलेली असतात, जमीन दगडासारखी गोठलेली असते आणि कुत्र्यांच्या नाकातून वाफा निघत असतात.

१८७० च्या दशकात अशा हिवाळी शिकारीसाठी इंग्लंडमधली बडी मंडळी ज्या ठिकाणच्या आमंत्रणाची वाट पाहत, त्यांत सफोक परगण्यातले एल्व्हेडन हे नाव फार वरचे होते. खुद्द युवराज, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, तिथे पाहुणा म्हणून येई. यजमान मात्र इंग्रज नव्हता. तो लाहोरच्या गादीवरून उतरवलेला राजा होता. महाराजा रणजितसिंगांचा सर्वांत धाकटा मुलगा, दुलीपसिंग.

कोहिनूरच्या गोष्टीत हे नाव आपण शाळेपासून ऐकत आलो. हिरा गेला, राज्य गेले, मुलगा विलायतेला गेला, एवढ्यावर ती गोष्ट संपते. पण दुलीपसिंग त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे जगला, आणि त्यांतली उमेदीची वर्षे त्याने हातात बंदूक घेऊन काढली. त्याच्या चरित्रकारांना याचा थोडा संकोच वाटतो. शिकार हा ऐषआराम म्हणून ते दोन ओळींत उरकतात. मला वाटते, या माणसाला समजून घ्यायचे तर त्या रानातूनच जायला हवे.

जन्म १८३८ चा, लाहोरचा. पुढच्याच वर्षी रणजितसिंग वारले आणि दरबारात रक्तपाताला ऊत आला. चार वर्षांत एकामागून एक वारस संपले आणि १८४३ मध्ये पाच वर्षांचे हे पोर गादीवर बसले. कारभार आईच्या हाती, राणी जिंदनच्या. सप्टेंबर १८४५ मध्ये बिथरलेल्या खालसा सैन्याने तिच्या भावाला, वजीर जवाहरसिंगाला, हत्तीवरून ओढून ठार मारले. त्या वेळी लहानगा महाराजा त्याच हौद्यात मामाजवळ होता. त्यानंतर इंग्रजांशी पहिले युद्ध, तह, दरबारात इंग्रज रेसिडेंट. १८४७ मध्ये नऊ वर्षांच्या मुलापासून आईला तोडून शेखुपुऱ्याला पाठवले. पुढे दुसरे युद्ध झाले आणि २९ मार्च १८४९ रोजी पंजाब खालसा झाला. आदल्याच वर्षी ज्या डलहौसीने साताऱ्याचे छत्रपतींचे राज्य गिळले, त्यानेच हाही घास घेतला. दहा वर्षांच्या मुलाने कागदावर सही केली. राज्य, मालमत्ता आणि कोहिनूर यांच्या बदल्यात त्याला व त्याच्या आश्रितांना मिळून सालिना चार ते पाच लाख रुपये देण्याचे ठरले. अज्ञान मुलाच्या सहीला आपल्याकडच्या मामलेदार कचेरीतही कोणी विचारत नाही. असो.

त्याला फतेहगडला डॉक्टर जॉन लॉगिन यांच्या देखरेखीखाली ठेवले. लॉगिन भला माणूस होता. त्याची बायकोही मुलाला जीव लावून होती. ससाणा हातावर घेऊन रानात जायचा नाद मुलाला होताच, तो इथे पुरवला गेला. १८५३ मध्ये त्याने ख्रिस्ती धर्म घेतला आणि १८५४ च्या उन्हाळ्यात तो लंडनला राणी व्हिक्टोरियासमोर उभा राहिला. साताऱ्याची दाद मागायला चौदा वर्षे लंडनचे उंबरे झिजवणारे रंगो बापूजी हात हलवत परतून फार दिवस झाले नव्हते. त्यांना जे दरवाजे उघडले नाहीत, ते या देखण्या, सोळाव्या वर्षात पाऊल टाकणाऱ्या मुलाला सताड उघडले. राणीने त्याचे चित्र काढवून घेतले. ते काम बकिंगहॅम राजवाड्यात चालू असताना एके दिवशी नव्याने पैलू पाडलेला कोहिनूर त्याच्या हाती देण्यात आला. लॉगिनबाईंनी हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे. खिडकीशी जाऊन तो बराच वेळ हिरा न्याहाळत राहिला, मग त्याने तो आपल्या हाताने राणीला दिला. दुसरे करण्यासारखे त्याच्या हाती काय होते?

आधी स्कॉटलंडात आणि मग यॉर्कशरच्या मलग्रेव्ह किल्ल्यात राहताना बंदूक त्याच्या हातात बसली. माळरानावरच्या ग्राऊझ पक्ष्यांवर नेम धरता धरता तो असा तयार झाला, की लवकरच इंग्लंडमधल्या पहिल्या चार-पाच बंदूकबाजांत त्याचे नाव घेतले जाऊ लागले. ही प्रतिष्ठा त्या समाजात लहान नव्हती. तिथे वंश विचारतात, पैसा विचारतात. पण ताशी चाळीस मैलांनी डोक्यावरून जाणारा पक्षी पडला की नाही, यात वशिला चालत नाही.

या सुखात आई पुन्हा आली. चुनारच्या किल्ल्यातून वेषांतर करून पळालेली राणी जिंदन नेपाळच्या आश्रयाला होती. १८६१ मध्ये कलकत्त्यात मायलेकरांची भेट झाली, तेरा वर्षांनी. तिची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. मुलगा तिला घेऊन इंग्लंडला गेला आणि तिने त्याला त्याच्या बापाच्या जहागिरी, मिठाच्या खाणी, गेलेले सगळे पुन्हा सांगितले. ऑगस्ट १८६३ मध्ये ती वारली. इंग्लंडात दहनाची सोय नव्हती, म्हणून देह लंडनच्या एका दफनभूमीत ठेवावा लागला. दुसऱ्या वर्षी तो तिला घेऊन मुंबईला उतरला. पंजाबात पाऊल टाकायला सरकारची मनाई होती. तेव्हा अंत्यसंस्कार झाले ते आपल्या नाशिकला. पंचवटीच्या बाजूला गोदेच्या काठी पंजाबच्या शेवटच्या राणीची समाधी बांधली गेली, हे आज नाशिककरांनाही फारसे ठाऊक नसेल. परतीच्या वाटेवर इजिप्तमध्ये, कैरोच्या मिशन शाळेत शिकवणाऱ्या बांबा म्युलर या मुलीशी त्याने लग्न केले. तिचा बाप जर्मन व्यापारी, आई ॲबिसिनियन.

एल्व्हेडन त्याने १८६३ मध्येच घेतले होते, इंडिया ऑफिसच्या कर्जातून. सतरा हजार एकरांची जमीन, पण शेतीच्या दृष्टीने जवळजवळ टाकाऊ. ब्रेकलँड नावाचा हा भाग वाळूचा, गारगोट्यांचा, पाऊस कमी, हिवाळ्यात कडक धुके-दहिवर. गहू पिकायचा नाही, ससे मात्र उदंड. शिकाऱ्याला याहून चांगली जमीन कुठली? घराचा बाहेरचा चेहरा त्याने इंग्रजी ठेवला, आत मात्र मोगली पद्धतीच्या कमानी, नक्षी आणि आरसे करवले. लाहोरचा महाल त्याला आठवत होता तसा.

आता ही शिकार चालते कशी, ते सांगितले पाहिजे. फेझंट हा आपल्या मोराचा, रानकोंबड्याचा भाऊबंद. मूळचा इंग्लंडचा नव्हे, आशियातला. काळ्या समुद्राच्या पूर्वेकडच्या फासिस नदीवरून त्याला हे नाव पडले. विलायतेत तो शेकडो वर्षांपूर्वी आणून सोडलेला. सुटून रानटी झाला खरा, पण मोठ्या शिकारीला पुरेल एवढा रानात वाढत नाही. म्हणून वसंतात गेमकीपर अंडी गोळा करतात आणि खुडूक कोंबड्यांखाली उबवतात. तेवीस-चोवीस दिवसांनी पिल्ले निघतात, त्यांना उकडलेली अंडी, भरडा असे हाताने भरवतात. उन्हाळ्यात ती झाडीत सोडतात आणि हिवाळाभर दाणे टाकून तिथेच धरून ठेवतात. बाळंतपण केल्यासारखे वाढवायचे आणि मग त्यांच्यावर बंदुका रोखायच्या. हा व्यवहार विचित्र आहे, आणि तो विचित्र वाटणाऱ्यांत मीही आहे.

शिकारीच्या सकाळी झाडीच्या एका टोकाला सात-आठ बंदूकवाले अंतराअंतरावर उभे राहतात. दुसऱ्या टोकाकडून हाकारे काठ्या आपटत, एका ओळीत, सावकाश चालत येतात. घाई केली की सगळे पक्षी एकदम उठतात आणि हाका वाया जातो. काटेरी गचपणात माणूस शिरू शकत नाही तिथे स्पॅनियल जातीचे बुटके, लोंबत्या कानांचे कुत्रे घुसतात. फेझंट होता होईल तो पळतो. झाडी संपली, पुढे उघडे रान आले, की मग नाइलाजाने फडफडाट करीत सरळ वर चढतो. बंदूकवाल्यामागे त्याचा माणूस दुसरी भरलेली बंदूक घेऊन तयार असतो. रिकामी मागे, भरलेली पुढे, डोळा पक्ष्यावरून हलता कामा नये.

खरी कसोटी मात्र त्यांच्या शेजारी बसलेल्या कुत्र्याची. त्या काळी लॅब्रेडॉर अजून सर्रास झाला नव्हता. काळ्या, लांब सपाट केसांचे किंवा कुरळ्या केसांचे रिट्रिव्हर असत. चहूबाजूंनी पक्षी पडत असताना खूण होईपर्यंत जागचे हलायचे नाही. हे शिकवायला वर्ष-दोन वर्षे जातात. मग पडलेला पक्षी तोंडात धरून आणायचा, तोही असा की दात लागता कामा नये. कोवळ्या तोंडाचा कुत्रा म्हणून त्याचे मोल. सर्वांत अवघड काम जखमी होऊन पळालेल्या नराचे. पंख मोडला तरी पाय शाबूत असतात आणि तो कुंपणाच्या तळातून दूरवर जातो. तो सापडला नाही तर रात्रभर तडफडणार. कोरड्या कडाक्याच्या थंडीत, पूर्वेचा वारा सुटलेला असताना, गोठलेल्या जमिनीवर वास धरत नाही. बर्फ असेल तर कुत्र्याच्या बोटांमधल्या केसांत त्याचे गोळे होतात आणि ते लंगडू लागते. अशा दिवशी नाक खाली घालून मैलभर माग काढणारे कुत्रे धन्याला त्याच्या बंदुकीपेक्षा प्रिय असते. जानेवारीची शिकार ही बंदुकीइतकीच कुत्र्याची.

या साऱ्याचे वेड दुलीपसिंगला किती होते, ते आकड्यांवरून दिसते. १८७६ च्या सप्टेंबरात एका दिवसात एक हजार काडतुसांत त्याने ७८० तितर पाडले. इंग्रज वर्तमानपत्रांना कौतुक वाटले. आज वाचताना अंगावर काटा येतो. पण त्या पिढीला तशी लाज नव्हती. त्याचा समकालीन लॉर्ड रिपन तर आयुष्यभर मारलेल्या प्राण्यांची मोजदाद ठेवून पाच लाखांच्या पुढे गेला. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्याला राज्य करू दिले नाही, सैन्य दिले नाही, स्वतःच्या मुलखात पाय ठेवू दिला नाही, त्याने आपला पराक्रम कुठे नेऊन ठेवावा? एल्व्हेडनच्या रानात सकाळी दहा वाजता त्याच्या एका इशाऱ्यावर ओळ हलत होती आणि युवराज त्याने नेमून दिलेल्या जागी उभा राहत होता. एवढे राज्य त्याला मिळाले होते.

तेही महाग पडले. कीपर, हाकारे, दाणे, कुत्र्यांचे गोठे, पाहुण्यांची मेजवानी. गावातले चर्च त्याने दुरुस्त केले, तोही खर्च. १८७० च्या दशकाअखेरीस इंग्लंडची शेती मंदीत गेली आणि खंड घटला. कर्जाचे व्याज तनख्यातून कापले जाई. त्याने हिशेब मागितला: तहात एवढे ठरले, मिळाले किती? आणि बापाच्या खाजगी मिळकतीचे काय? इंडिया ऑफिस खर्च कमी करा म्हणून उपदेश करी. उधळा होताच तो, त्यात शंका नाही. पण उधळ्या माणसाची थकबाकी बुडवायची, असा कायदा कुठे नाही. १८८२ मध्ये त्याने आपली कैफियत थेट टाइम्समध्ये छापून आणली. उपयोग शून्य.

मार्च १८८६ मध्ये त्याने बायकामुलांसह हिंदुस्थानची बोट धरली. एडनला त्याला अडवले. तिथेच मे महिन्यात त्याने पुन्हा शीख धर्माची दीक्षा घेतली. कुटुंब इंग्लंडला परतले, तो पॅरिसला गेला. तिथून एका आयरिश माणसाच्या नावाच्या पासपोर्टवर रशियाला, झारची मदत घेऊन पंजाब सोडवायला. बर्लिनच्या स्टेशनावर पैशांची व कागदांची पिशवी चोरीला गेली. मॉस्कोतला त्याचा पाठीराखा संपादक कात्कोव्ह त्याच वर्षी, १८८७ मध्ये, वारला आणि बेत कोसळला. सप्टेंबरात इकडे बांबा गेली. पॅरिसमध्ये दुसरे लग्न, अर्धांगवायू, १८९१ मध्ये फ्रान्समध्ये आलेल्या राणीपुढे रडत मागितलेली क्षमा, आणि २२ ऑक्टोबर १८९३ रोजी हॉटेलच्या खोलीत मृत्यू. वय पंचावन्न.

त्याला एल्व्हेडनच्या चर्चच्या आवारात, बांबा आणि त्याच वर्षी गेलेला तेरा वर्षांचा मुलगा एडवर्ड यांच्याजवळ पुरले. पुढच्याच वर्षी इस्टेट गिनेस घराण्याने घेतली. आजही ती त्यांच्याकडेच आहे. त्याच्या मुलांपैकी कोणालाच मूलबाळ झाले नाही. धाकटी सोफिया कुत्र्यांच्या प्रदर्शनांत पोमेरेनियन आणि बोर्झोई घेऊन जाई. पुढे ती स्त्रियांच्या मताधिकारासाठी रस्त्यावर उतरली आणि नोव्हेंबर १९१० मध्ये पार्लमेंटवर गेलेल्या मोर्चात पोलिसांच्या धक्काबुक्कीला सामोरी गेली. १९९९ मध्ये जवळच्या थेटफर्ड गावात दुलीपसिंगचा घोड्यावरचा पुतळा उभा राहिला. त्या निमित्ताने आणि एरवीही इंग्लंडभरचे शीख कुटुंबकबिला घेऊन एल्व्हेडनच्या त्या साध्या थडग्याशी येतात.

थोरली मुलगी बांबा लाहोरला जाऊन राहिली. १९२४ मध्ये तिने नाशिकहून आजीची रक्षा लाहोरला नेली आणि रणजितसिंगांच्या समाधीपाशी ठेवली.