दादा कोंडके

कृष्णा खंडेराव कोंडके ऊर्फ दादा कोंडके (८ ऑगस्ट १९३२ – १४ मार्च १९९८) हे मराठी चित्रपट अभिनेते, निर्माते, दिग्दर्शक व गीतकार होते. त्यांच्या लागोपाठ नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव, म्हणजे पंचवीस आठवडे, पूर्ण केल्याची नोंद गिनीज बुकात झाली. तिकीटबारीवरील यश हे चित्रपटाच्या गुणवत्तेचे प्रमाण मानावे काय, या वादात त्यांचे नाव हटकून निघते.

जीवन

कोंडके कुटुंब मूळचे भोरजवळच्या इंगवलीचे. दादांचे बालपण मुंबईत नायगावच्या चाळीत गेले. नायगाव, लालबाग, परळ, शिवडी हा तेव्हाचा गिरण्यांचा पट्टा; येथील कामगारांची बोली, बँडपथके व गणेशोत्सवातील मेळे यांत ते वाढले. काही काळ त्यांनी 'अपना बाजार'मध्ये नोकरी केली. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून ते रंगभूमीकडे वळले. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या वगनाट्याने त्यांना कीर्ती दिली. ऐनवेळी विनोद रचण्याची त्यांची हातोटी या प्रयोगांतच घडली. भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती'तून (१९६९) ते पडद्यावर आले.

चित्रपट

'सोंगाड्या' (१९७१) हा त्यांनी निर्मिलेला पहिला चित्रपट. कथा सबनीसांची, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे; नायिका उषा चव्हाण. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात त्याऐवजी देव आनंद यांचा 'तेरे मेरे सपने' लावण्याचे ठरले, तेव्हा शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांनी हस्तक्षेप केला आणि 'सोंगाड्या' तेथे लागला. चित्रपट चालण्यासाठी आधी तो पडद्यावर लागावा लागतो, ही बाब कमाईच्या आकड्यांत कोठेच दिसत नाही. त्यानंतर 'एकटा जीव सदाशिव' (१९७२), 'आंधळा मारतो डोळा' (१९७३), त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला 'पांडू हवालदार' (१९७५), 'राम राम गंगाराम' (१९७७) आदी चित्रपट आले. 'पांडू हवालदार'पासून राम-लक्ष्मण यांचे संगीत त्यांच्या चित्रपटांशी जोडले गेले.

मूल्यमापन

द्व्यर्थी संवाद व गीतांमुळे समीक्षकांनी त्यांच्यावर अश्लीलतेचा ठपका ठेवला. सेन्सॉर मंडळाशीही त्यांचे खटके उडत. 'पांडू हवालदार' ज्या वर्षी गर्दी खेचत होता, त्याच वर्षी जब्बार पटेल यांचा 'सामना' बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत दाखविला गेला. दोन्ही चित्रपट मराठीच, परंतु एकाच मापाने मोजता येत नाहीत. आठवड्यांची मोजणी प्रेक्षक पुन्हा पुन्हा आला एवढेच सांगते. तो का आला, हे सांगत नाही. तथापि केवळ चावटपणा हे त्याचे उत्तर मानणे अन्यायाचे होईल. 'सोंगाड्या'तील नाम्या हा वगातल्या सोंगाड्याचाच वारसदार आहे. आईच्या धाकातला, भोळा दिसणारा आणि शहाण्यांची फजिती करणारा हा नायक गावाकडून गिरणीत आलेल्या माणसाला आपला वाटला. उत्तरकाळातील चित्रपटांत मात्र हे पात्र मागे पडून शब्दांच्या कोट्याच उरल्या. १९८२च्या गिरणी संपानंतर तो प्रेक्षकही पांगत गेला. 'तेरे मेरे बीच में' (१९८४) या चित्रपटाद्वारे ते हिंदीतही उतरले.

१४ मार्च १९९८ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने मुंबईत त्यांचे निधन झाले. 'एकटा जीव सदाशिव'च्या कथेवर पुढे 'जिस देश में गंगा रहता है' (२०००) हा हिंदी चित्रपट निघाला. त्यात दादांची भूमिका गोविंदा यांनी केली.