मॅट्रिक न झालेल्या माणसाचं कॉलेज

दहावी-बारावीचा निकाल लागला की आमच्या बचत गटाच्या बैठकीत हिशोबाची वही बाजूला पडते आणि पोरीला कॉलेजात घालायचं की नाही, याचीच चर्चा रंगते. गेल्या जूनमध्येही तेच झालं. एकीचं म्हणणं, बी.ए. होऊन घरीच बसायचं तर खर्च कशाला? दुसरीचा हट्ट, काहीही करा पण पदवी हवीच. मी बी.ए. होऊन संसारात रमलेली, त्यामुळे दोघींनीही माझ्याकडेच बोट दाखवलं! मला मात्र कर्मवीर भाऊराव पाटील आठवले.

भाऊरावांचा जन्म १८८७ सालचा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात ते होते, पण मॅट्रिक काही झाले नाहीत. पुढे शिकवण्या घेतल्या, किर्लोस्करांचे नांगर खपवत गावोगाव हिंडले. शाळेविना राहिलेली शेतकऱ्यांची पोरं त्यांनी पाहिली आणि १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये ती साताऱ्यात आली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहू-जेवू लागली. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती.

पण मला सगळ्यात जास्त जवळच्या वाटतात त्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. खात्यापित्या, सोवळं पाळणाऱ्या घरातली ही बाई. तिनं या सगळ्या पोरांना आपलं मानलं, त्यांच्यासाठी चुलीपुढे बसली. वसतिगृहात धान्य संपलं की एकेक दागिना बाहेर पडायचा. शेवटी मंगळसूत्रसुद्धा गेलं. आपल्यापैकी कितीजणींचा हात तिथवर जाईल? माझा तरी जाणार नाही, खरं सांगते. १९३० मध्ये त्या गेल्या. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं १९४७ मध्ये, म्हणजे तब्बल सतरा वर्षांनी. त्यांनी ते पाहिलंच नाही.

भाऊरावांच्या मुलांना फुकटचं काही नव्हतं हं. शेतात राबायचं, खडी फोडायची, स्वयंपाक करायचा आणि त्या कष्टावर शिकायचं. कमवा आणि शिका म्हणतात ते हेच. आणि सगळ्यांनी पदवीच घ्यावी, असंही नव्हतं. खेड्यांना मास्तर हवे होते, म्हणून कॉलेजच्या आधी, १९३५ मध्येच, त्यांनी शिक्षक घडवणारं ट्रेनिंग कॉलेज काढलं. कितीतरी पोरं तिथून थेट गावच्या शाळेवर गेली. पण पैसा नाही किंवा जात आडवी आली म्हणून कुणी थांबलेलं त्यांना खपायचं नाही. १९५९ च्या मे महिन्यात ते गेले, तोवर मॅट्रिक न झालेल्या या माणसाच्या संस्थेची साताऱ्यात आणि कराडला कॉलेजं उभी होती.

हे सगळं सांगून झाल्यावर मी त्या पहिलीला सहज विचारलं, लेकीला काय हवंय? तिनं विचारलंच नव्हतं! दुसरीनंही नाही. मग मीसुद्धा गप्प झाले, कारण माझ्या बी.ए.च्या वेळी मला तरी कुणी विचारलं होतं?

पुढच्या बैठकीला पहिलीची लेक आईबरोबर आली. तिला बी.ए. करायचंच नव्हतं, नर्सिंगला जायचं होतं. बस, होस्टेल, फी सगळं तिनं कागदावर मांडून आणलं होतं. गटाच्या कर्जाचा अर्ज आम्ही त्याच दिवशी भरला.