पशुरोगनिदानाचे आचार्य : सर आर्नोल्ड थायलर

रोगावर औषध देणाऱ्याची कीर्ती सर्वत्र पसरते. परंतु रोग कोणता हे आधी निश्चित करून देणारा पुरुष बहुधा पडद्याआडच राहतो. मनुष्य आपले दुखणे निदान बोलून तरी दाखवितो. मुक्या जनावरास तीही सोय नाही. त्याच्या रक्ताच्या थेंबास आणि मृत्यूनंतर त्याच्या प्लीहेस बोलते करावे लागते, आणि हे कार्य ज्या ठिकाणी चालते ती रोगनिदान प्रयोगशाळा होय. आपल्या ज्ञातीतील ज्या कुटुंबांच्या गोठ्यात संकरित गाई आहेत, त्यांना गोचीडतापाच्या संदर्भात ‘थायलेरिया’ हे नाव ऐकून ठाऊक असेल. ते नाव ज्या पुरुषावरून पडले, त्या सर आर्नोल्ड थायलर यांचे चरित्र प्रत्येक विद्यार्थ्याने मननपूर्वक वाचावे असे आहे.

थायलर यांचा जन्म २६ मार्च १८६७ रोजी स्वित्झर्लंडमधील फ्रिक या गावी झाला. वडील शिक्षक होते. बर्न व झुरिच येथे पशुवैद्यकाचे शिक्षण पूर्ण करून १८९१ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते नशीब काढण्यासाठी दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवाल या बोअर लोकांच्या प्रजासत्ताकात गेले. परंतु दैवाने त्यांची कठोर परीक्षा पाहिली. प्रिटोरियाजवळील एका मोठ्या शेतावर नोकरी करीत असता यंत्रात सापडून त्यांचा एक हात गेला. परका देश, गाठीस पैसा नाही, आणि ज्या विद्येत दोन्ही हातांची नित्य गरज तीच विद्या पोटापाण्याचे साधन! दुसरा कोणी असता तर मायदेशी परतला असता. थायलर तेथेच राहिले. १८९३ साली जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींच्या परिसरात देवीची साथ आली, तेव्हा त्यांनी वासरांच्या अंगावर देवीची लस तयार करून दिली आणि तेथून त्यांच्या नावाकडे लोकांचे लक्ष वेधले.

पुढे तीन वर्षांतच महासंकट कोसळले. १८९६ च्या मार्चमध्ये बुळकांडीचा रोग झांबेझी नदी ओलांडून दक्षिणेस उतरला. गुरांचे कळपच्या कळप नाहीसे झाले. बैलगाड्या वाटेवर जागच्या जागी थांबल्या, आणि गुरे हेच ज्यांचे सर्वस्व होते त्या आफ्रिकी जमातींवर तर उपासमारीची पाळी आली. ट्रान्सवाल सरकारने थायलर यांस कामास लावले. नाताळचे पशुवैद्य वॉटकिन्स-पिचफोर्ड यांच्यासमवेत त्यांनी रोगातून वाचलेल्या गुरांच्या रक्तजलाचे प्रयोग केले. पुढील वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील बोर्दे व डॅनिझ यांचेही साहाय्य झाले. आज बुळकांडी पृथ्वीवरून नाहीशी झाली असून २०११ साली तशी अधिकृत घोषणा झाली. त्या दीर्घ लढ्याच्या आरंभकाळातील सेनानींमध्ये थायलर यांची गणना करावी लागते.

१८९९ च्या बोअर युद्धात त्यांनी बोअरांच्या बाजूने पशुवैद्य म्हणून काम केले. तथापि ट्रान्सवाल जिंकल्यानंतर इंग्रज सरकारनेही त्यांनाच प्रिटोरियाजवळ डास्पुर्ट येथील प्रयोगशाळेचे प्रमुख नेमले. विद्येची योग्यता राज्य बदलल्याने कमी होत नाही, याचे हे उत्तम उदाहरण होय. प्रयोगशाळा कसली, गंजलेल्या पत्र्यांच्या शेडच त्या! परंतु तेथेच त्यांच्या हातून सर्वांत मोठे कार्य घडले.

बुळकांडी आणि युद्ध यांमुळे देश गुरांवाचून ओस पडला होता. ती उणीव भरून काढण्यासाठी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांनी गुरे आणली गेली, आणि त्यांच्याबरोबर १९०१-०२ च्या सुमारास एक नवा रोग आला. ताप चढे, गाठी सुजत, श्वास लागे आणि बहुतेक गुरे दगावत. स्थानिक पशुवैद्यांना प्रथम तो तेथे पूर्वीपासून असलेला तांबडी लघवीचा रोग वाटला. क्षयाचे जंतू शोधून जगद्विख्यात झालेले रॉबर्ट कॉख यांस १९०३ साली बुलावायो येथे पाचारण करण्यात आले. हा रोग वेगळा आहे हे त्यांनी ओळखले; परंतु बऱ्या झालेल्या गुराच्या रक्तात रोगबीज शिल्लक राहते असे मानून त्यांनी तसे रक्त वारंवार टोचण्याचा उपाय सांगितला.

एकीकडे जगातील सर्वांत मोठे नाव, दुसरीकडे पत्र्याच्या शेडमधील एक सरकारी नोकर! थायलर यांनी वाद घातला नाही, प्रयोग लावले. तांबडी लघवीच्या रोगास न जुमानणारी गुरे या रोगाने मरतात, हे त्यांनी दाखविले. आजारी गुराचे रक्त निरोगी गुरास टोचले तरी हा रोग जडत नाही, आणि बरे झालेले गुरू तो पसरवीत नाही, हेही सिद्ध केले. मग रोग पसरतो कसा? केप वसाहतीचे कीटकशास्त्रज्ञ लाऊन्सबरी व थायलर यांच्या प्रयोगांनी उत्तर दिले : तपकिरी गोचिडामुळे. अर्थात रक्त टोचणे व्यर्थ ठरले आणि खरा मार्ग मोकळा झाला. रोगट कुरणांस कुंपण घालावे, तेथे सुमारे पंधरा महिने गुरे जाऊ देऊ नयेत म्हणजे गोचिडांतील रोगबीज संपते. आणि गुरांना ठरावीक दिवसांच्या अंतराने सोमलाच्या पाण्याच्या हौदातून काढावे. मेलेल्या गुराच्या प्लीहेचा लेप काचपट्टीवर घेऊन प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठविणे हा या सर्व व्यवस्थेचा पाया होता. त्या एका काचपट्टीवरून साऱ्या गावाचे कुरण बंद ठेवावयाचे की खुले करावयाचे हे ठरे! तपासनिसाची चूक झाली तर रोग निसटणार. नसता संशय घेतला तर निष्पाप शेतकरी बुडणार. या कामावर देखरेख करणाऱ्याची जबाबदारी केवढी, याची यावरून कल्पना यावी. पिढ्यान्‌पिढ्या ही दक्षता राखल्यामुळे १९५० नंतरच्या दशकात तो रोग दक्षिण आफ्रिकेतून हद्दपार झाला.

या रोगाच्या परोपजीवीस १९०७ साली थायलर यांचे नाव देण्यात आले. आणि लेपात दिसणाऱ्या ज्या निळ्या गोळ्यांवरून तो ओळखतात, त्यांस आजही कॉख यांचे नाव आहे. शास्त्राच्या दरबारी ज्याचे त्यास मिळते, ते असे.

१९०८ साली प्रिटोरियाबाहेर ऑन्डरस्टेपूर्ट येथे त्यांच्या देखरेखीखाली मोठी संस्था उभी राहिली. मेंढ्यांच्या नीलजिव्हा रोगावरील लस, घोड्यांच्या व खेचरांच्या मरीवरील संशोधन अशी अनेक कामे त्यांच्या हातून झाली. विशेष लक्षात ठेवावी अशी गोष्ट गुरांच्या ‘लामसिक्टे’ या पांगळेपणाच्या रोगाची. हा रोग एखाद्या विषारी वनस्पतीमुळे होतो, असे थायलर यांचे दीर्घकाळ मत होते. परंतु १९१९ नंतर आर्मुड्सव्लाक्टे येथील प्रयोगांत वेगळेच दिसून आले. जमिनीत स्फुरद कमी, म्हणून चाऱ्यातही कमी. त्या भुकेने गुरे कुजलेली हाडे चघळतात आणि त्यांतील जंतूंच्या विषाने मरतात! थायलर यांनी आपले जुने मत सोडून दिले आणि हाडांचा स्वच्छ चुरा चारण्याचा सोपा उपाय शेतकऱ्यांच्या हाती आला. जी कसोटी त्यांनी कॉख यांच्या मतास लावली, तीच स्वतःच्या मतासही लावली. प्रयोगशाळेच्या प्रमुखाची थोरवी याहून दुसरी कोणती?

१९१४ साली त्यांस सर ही पदवी मिळाली. १९२० साली तेथे पशुवैद्यकाची विद्याशाखा सुरू झाली व तिचे ते पहिले अधिष्ठाता झाले. १९२७ साली ते सेवानिवृत्त झाले आणि २४ जुलै १९३६ रोजी लंडन येथे त्यांचे देहावसान झाले. कन्या गर्ट्रुड यांनी गोचिडांच्या अभ्यासास आयुष्य वाहिले. पुत्र मॅक्स यांस पीतज्वरावरील लसीच्या संशोधनाबद्दल १९५१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या महाराष्ट्राचाही या विद्येशी जुना संबंध आहे. हिंदुस्थान सरकारची पशुरोगजंतुशास्त्राची प्रयोगशाळा १८८९ साली प्रथम पुण्यासच सुरू झाली व नंतर १८९३ साली हिमालयात मुक्तेश्वर येथे गेली. पुण्यास औंध येथे आजही रोग अन्वेषणाचे सरकारी काम चालते. आपल्याकडील गोचीडतापाची थायलेरिया आफ्रिकेतील जातीहून निराळी असली, तरी एकाच कुळातील आहे. आणि एक दुभती गाय गेली म्हणजे घराचा सारा महिना कसा कोलमडतो, हे गोठा असलेल्या घरास सांगावयास नको.

असे असूनही मेलेल्या जनावरास हात लावणे आपल्या समाजाने हलके मानले, आणि ते काम करणाऱ्यांस दूर लोटले, हे कबूल केले पाहिजे. आजही मुलगा माणसांचा डॉक्टर झाला तर पेढे वाटले जातात. पशुवैद्य झाला तर घरात थोडी कुजबुज होते. एका हाताने मेलेली गुरे तपासणाऱ्या या शिक्षकपुत्रामुळे एका देशाचे पशुधन वाचले. आपल्या ज्ञातीतील एखाद्या मुलाने वा मुलीने सूक्ष्मदर्शकापुढे बसून अशी काचपट्टी वाचण्याचे व्रत घेतले, तर तिच्या आईवडिलांनी त्याही दिवशी पेढे वाटावेत, एवढीच ज्ञातिबांधवांस व भगिनींस नम्र विनंती.